ताण हाताळण्याचा क्रम: आधी शरीर, मग वही, मग विचार

ताण आला की काय करायचं, याची यादी आता बहुतेकांना पाठ असते. श्वासाकडे लक्ष द्या, चांगले विचार करा, कुणाशी तरी बोला, फिरायला जा. यातलं बरंचसं खरोखर उपयोगी आहे. तरीही माणसं सांगतात, "सगळं करून पाहिलं, फरक पडत नाही." खोलात विचारलं की बहुतेक वेळा कळतं ते असं: उपाय ठीक होता, वेळ चुकली होती. छाती धडधडत असताना स्वतःच्या विचारांशी वाद घातला गेला. विम्याच्या कागदांसाठी फोन करायची गरज होती तेव्हा ध्यानाला बसणं झालं. आणि जे कुणाच्याच हातात नव्हतं, त्याचं नियोजन रात्री दोनपर्यंत चाललं.

म्हणून इथे भर क्रमावर आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच कल्पित उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. बँकेच्या शाखेत काम करणारी चाळिशीतली बाई. मार्च महिना. शाखेत वर्षअखेरीची धावपळ, घरी मुलाची दहावीची परीक्षा, साताऱ्याला आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरायची आहे, आणि परवा व्यवस्थापकांनी थकबाकीदारांच्या यादीवरून सगळ्यांसमोर सुनावलं आहे.

आधी हे तपासा

पुढचे टप्पे रोजच्या, आठवडे-महिने चालणाऱ्या ताणासाठी आहेत. काही गोष्टींना ते पुरे पडत नाहीत, आणि तिथे वहीत लिहीत बसणं धोक्याचं ठरू शकतं.

- छातीत दुखणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, घाम फुटणं, दम लागणं: हे "टेन्शनमुळे असेल" असं स्वतःच ठरवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.
- जगणं नको वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार: १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. घरातल्या एकाला तरी लगेच सांगा आणि एकटे राहू नका.
- घरात मारहाण होत असेल तर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२.
- सतत थकवा, वजन कमी-जास्त होणं, विनाकारण धडधड: थायरॉईड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. शरीरातल्या बिघाडाला ताण समजून कितीतरी महिने वाया जातात.

तयारी

एक साधी वही आणि पेन. मोबाइलवर लिहू नका. लिहिता लिहिता कामाच्या ग्रुपवरचा संदेश दिसला की बैठक तिथेच मोडते.

पहिल्या बैठकीसाठी सलग ४५ मिनिटं काढा, नंतर रोज २० ते ३० मिनिटं पुरतात. वेळ संध्याकाळची ठेवा, जेवणाआधीची उत्तम. रात्री अकरा वाजता अंथरुणात बसून हे करू नका. मेंदू त्या वेळी दमलेला असतो, आणि अंथरूण ही काळजी करण्याची जागा अशी सवय लागली तर झोपही जाते.

घर लहान असेल, एकटं बसायला खोली नसेल, तर गच्ची, सोसायटीच्या बागेतला बाक, ग्रंथालय, ऑफिस सुटल्यावर रिकामी झालेली जेवणाची खोली, काहीही चालेल. घरच्यांना एवढंच सांगा, "अर्धा तास मला हाक मारू नका." वही दाखवायची नसेल तर तेही आधीच स्पष्ट करा. कुणीतरी वाचेल या भीतीने लिहिलेली वही निरुपयोगी असते.

शेवटची तयारी आकड्याची. वहीच्या कोपऱ्यात आत्ताचा ताण ० ते १०० मध्ये लिहा. ० म्हणजे अगदी शांत, १०० म्हणजे आयुष्यात अनुभवलेला सगळ्यात जास्त. हा आकडा अचूक नसतो, पण पुढे तोच सांगतो की थांबायचं की पुढे जायचं.

टप्पा १: शरीर खाली आणा

आकडा ७० च्या वर असेल तर विचारांना हात लावू नका. त्या अवस्थेत ॲड्रिनलिन वाढलेलं असतं, लक्ष फक्त धोक्याकडे जातं, आणि तुम्ही कितीही समजूतदार असलात तरी वहीत भीतीच उतरते.

खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसा. नाकाने ४ आकडे मोजत श्वास आत, ६ आकडे मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. भर बाहेर सोडण्यावर ठेवा, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे छाती फुगवून मोठे मोठे श्वास घेणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस जास्तच घाबरतो. श्वास मोठा नको, सावकाश हवा.

श्वासाकडे लक्ष दिलं की काहींची धडधड उलट वाढते. त्यांनी स्नायूंपासून सुरुवात करावी. मुठी पाच सेकंद घट्ट आवळा, मग वीस सेकंद पूर्ण सैल सोडा. तसंच खांदे, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. दुखापत किंवा ताजी शस्त्रक्रिया झालेला भाग वगळा. यानेही जमलं नाही तर दहा मिनिटं झपझप चालून या.

*तपासणी:* आकडा पुन्हा लिहा. ६० च्या आत आला की पुढे जा. शून्याची वाट पाहू नका. थोडा ताण कामाला मदतच करतो. दोनदा करूनही खाली आला नाही तर आजची बैठक इथेच थांबवा, उद्या बसा.

*सावधान:* हे श्वसन पहिल्यांदा ऐन संकटात करून पाहू नका. आठवडाभर रोज, बरं वाटत असताना सराव करा.

टप्पा २: सगळं वहीत उतरवा, पण घटना म्हणून

दहा-पंधरा मिनिटं, डोक्यात येईल तसं, एकेका ओळीत लिहा. अक्षर, शुद्धलेखन, क्रम, कशाचाही विचार नको. नियम एकच: प्रत्येक ओळ इतकी ठोस हवी की समोरच्या कॅमेऱ्याला ती टिपता आली असती, किंवा ती तारखेसह सांगता येईल.

"सगळंच अंगावर आलंय" ही नोंद नाही. आपल्या बाईने ती ओळ खोडून तिचे तुकडे केले:

- थकबाकीच्या यादीतली १४ खाती तपासायची राहिली आहेत, मुदत शुक्रवार.
- मंगळवारी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "यादी अजून का झाली नाही?"
- आईच्या शस्त्रक्रियेसाठी विमा कंपनीची पूर्वपरवानगी यायची आहे.
- शस्त्रक्रियेनंतर आईजवळ कोण राहणार, हे भावाशी बोलले नाही.
- मुलाचा गणिताचा पेपर अवघड गेला.
- आईच्या वयात शस्त्रक्रिया झेपेल का?

डोक्यात शंभर वाटणाऱ्या गोष्टी कागदावर बहुधा सहा ते दहा निघतात. निव्वळ या मोजणीने अनेकांचा आकडा थोडा उतरतो.

लिहिताना रडू आलं तर येऊ द्या. पण एकच जुनी जखम तासभर उकरली जात असेल, तर तिच्यासाठी एक ओळ लिहा, खूण करा आणि पुढे चला.

टप्पा ३: वर्गवारी

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि पुढचं सगळं यावरच उभं आहे. रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे केले: प्रश्न सोडवणं आणि प्रश्नामुळे उठलेल्या भावना सांभाळणं. दोन्ही गरजेचे आहेत. नुकसान होतं ते अदलाबदल झाली की. सुटणाऱ्या प्रश्नावर फक्त मन शांत करत राहिलात तर प्रश्न वाढतो. न सुटणाऱ्यावर नियोजन करत राहिलात तर तुम्ही झिजता.

प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा.

क: कृती. उद्या सकाळी ११ वाजता मी स्वतः यासाठी काहीतरी करू शकते.
व: विचार. घटना होऊन गेली आहे, पण तिचा मी लावलेला अर्थ बोचतो आहे.
थ: थांबणं. निर्णय दुसऱ्याच्या किंवा काळाच्या हातात आहे.

यादी, पूर्वपरवानगी, भावाशी बोलणं: क. सरांचं सुनावणं: व. गणिताचा पेपर आणि शस्त्रक्रिया झेपण्याची काळजी: थ.

एका ओळीत दोन अक्षरं बसत असतील तर ओळ मोडा. "आईला शस्त्रक्रिया झेपेल का" यात "भूलतज्ज्ञांना आईच्या रक्तदाबाबद्दल विचारणं" हा क दडलेला आहे. तो वेगळा काढला की उरतो तो खरा थ.

*सावधान:* दुसऱ्याचा स्वभाव क मध्ये घालू नका. "नवऱ्याने जबाबदारी ओळखली पाहिजे" याच्यावर उद्या ११ वाजता काही करता येत नाही. "बुधवार आणि शुक्रवार मुलाचा अभ्यास तू घे, असं त्याला सांगणं" यावर येतं.

टप्पा ४: क च्या ओळी

एका बैठकीत जास्तीत जास्त दोन. सगळ्या एकदम घेतल्या की एकही होत नाही.

प्रश्न एका वाक्यात लिहा. मग निदान पाच मार्ग लिहा, बरे-वाईट न ठरवता. पहिले दोन नेहमीचे असतात. उपयोगी मार्ग बहुधा तिसऱ्या-चौथ्याला सुचतो. आईजवळ राहण्याबद्दल आपल्या बाईने लिहिलं: मीच रजा काढते; भाऊ आणि मी आठवडे वाटून घेतो; मावशीला दहा दिवस बोलावतो; दिवसापुरती सेविका ठेवतो; शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये करता येईल का, डॉक्टरांना विचारतो. शेवटचा मार्ग तिला आधी सुचलाच नव्हता, कारण "आता लगेच" हे तिने गृहीतच धरलं होतं.

एक मार्ग निवडा आणि तो वेळेला बांधा: "उद्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली की मी आधी भावाला फोन करेन, मग डबा उघडेन." नुसतं "भावाशी बोलायचंय" असं लिहिलेलं आठवडाभर तसंच राहतं.

नाही म्हणायचं असेल तर वाक्य आधी वहीत लिहा आणि दोनदा मोठ्याने म्हणून पहा. "सर, शुक्रवारपर्यंत ही १४ खाती करते. नवीन काम सोमवारी घेऊ शकेन." कारणांची माळ लावू नका. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोड असते.

टप्पा ५: व च्या ओळी

इथे सावकाश चला. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, जी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे अनेकांना माहीत आहे, ती इथे वापरायची. घटना, तिच्याबद्दलचा विचार आणि त्या विचाराचा परिणाम असे तीन रकाने आखा. भरायचा क्रम मात्र वेगळा: आधी घटना, मग परिणाम, आणि विचार शेवटी. विचार चटकन सापडत नाही. भावना सापडली की तिच्यामागून तो काढता येतो.

घटना: मंगळवारी सर म्हणाले, "यादी अजून का झाली नाही?" सहाजण ऐकत होते.

परिणाम: लाज ८५. रात्री झोप नाही. दोन दिवस केबिनकडे जाणं टाळलं, त्यामुळे यादीतली शंका विचारायची राहिली.

विचार: "इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माझ्याकडून अशी चूक होताच कामा नये. सगळ्यांना कळलं की मी नालायक आहे. हे मला सहन होत नाही."

ताण वाढवणारे विचार बहुधा चार साच्यांत येतात: हट्ट (असं होताच कामा नये), भयंकरीकरण (याहून वाईट काही नाही), असह्यता (मी हे सोसूच शकत नाही) आणि शिक्का (मी नालायक, तो नीच). तुमच्या वाक्यातला साचा ओळखा. वरच्या तीन वाक्यांत हट्ट, शिक्का आणि असह्यता आहे.

आता प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून काढा, मनातल्या मनात नको.

1. याला पुरावा काय? विरुद्ध पुरावा काय?
2. एकातून दुसरं निघतं का? यादी राहिली, म्हणून माणूस नालायक ठरतो का?
3. हा विचार धरून ठेवल्याने मला काय मिळतंय?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच दुसऱ्या रकान्यात होतं: झोप गेली आणि यादी आणखी लांबली.

मग नवं वाक्य. "यादी वेळेत व्हायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. झाली नाही. सगळ्यांसमोर ऐकून घेणं आवडलं नाही. त्यांनी एकटीला बोलावून सांगायला हवं होतं, असं माझं मत आहे. एका यादीवरून माझ्या सगळ्या नोकरीचा निकाल लागत नाही. वाईट वाटत असतानाही उद्या केबिनमध्ये जाऊन शंका विचारता येईल."

पुन्हा आकडा: लाज ४५, थोडी खंत. इथे पुष्कळजण निराश होतात, कारण त्यांना शून्य हवं असतं. वाईट गोष्टीचं वाईट वाटणारच, ते निरोगी आहे. भावना कामाला जाऊ देते का, एवढंच बघा.

तीन चुका इथे वारंवार होतात. पहिली, घटनेशीच वाद घालणं: "सर तसं म्हणालेच नसतील." म्हणाले, हे धरून चाला आणि विचार तपासा. दुसरी, गोड वाक्य लिहिणं: "मी सर्वोत्तम आहे, सगळं छान होणार." तुमचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नाही, आणि मग पद्धतच खोटी वाटते. नवं वाक्य तुम्हाला निदान निम्मं तरी पटलं पाहिजे. नाही पटलं तर ते सौम्य करा. तिसरी, एकदा लिहून सोडून देणं. जुना विचार कितीतरी वर्षांच्या सरावाचा असतो. नवं वाक्य आठवडाभर रोज वाचा आणि त्याला साजेशी एक छोटी कृती करा. केबिनमध्ये प्रत्यक्ष जाणं हे दहा वेळा लिहिण्यापेक्षा जास्त काम करतं.

*सावधान:* अन्याय सोसण्यासाठी ही पद्धत वापरू नका. वरिष्ठ रोज अपमान करत असतील तर तो क चा प्रश्न आहे: तारखांसह नोंद ठेवा, लेखी कळवा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायला हवी. तक्रार तिच्याकडे करा, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.

टप्पा ६: थ च्या ओळींना ठरलेली वेळ

"विचारच करू नकोस" हा सल्ला उलटा फिरतो. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर त्यांना ते अस्वल टाळता येईना. म्हणून काळजी दाबायची नाही, पुढे ढकलायची.

रोज एकच वेळ, एकच जागा, २० मिनिटं. समजा संध्याकाळी साडेसहा, गॅलरीतली खुर्ची. झोपण्याआधीचे दोन-तीन तास नकोत. दिवसभरात निकालाची किंवा शस्त्रक्रियेची काळजी आली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहा, "गणित, साडेसहा", आणि हातातल्या कामाकडे वळा. पहिल्या दिवसांत हे पन्नास वेळा करावं लागेल. ते अपयश समजू नका, तोच सराव आहे.

साडेसहाला चिठ्ठी घेऊन बसा आणि मनापासून काळजी करा. काही ओळी तोवर विझलेल्या असतील, त्या खोडा. एखादीत कृती सापडली तर ती क मध्ये हलवा. वीस मिनिटांनी उठा आणि लगेच हाताला काम द्या: भाजी निवडणं, कुत्र्याला फिरवणं, काहीही.

ही भेट चुकवू नका. आज काळजी नाही म्हणून दोन दिवस बसला नाहीत, तर तिसऱ्या दिवशी मन पुढे ढकलायला तयार होत नाही, कारण ती वेळ मिळेल याची त्याला खात्री उरलेली नसते.

टप्पा ७: आठवड्याचा आढावा

रविवारी पंधरा मिनिटं. सात दिवसांचे आकडे एका ओळीत लिहा. एखाद्या दिवशी आकडा उसळला असेल तर घाबरू नका, आठवड्याचा कल बघा. क च्या किती कृती झाल्या? काय टाळलं? टाळलेल्या गोष्टीचा इतका लहान तुकडा करा की तो दहा मिनिटांत होईल, आणि तो सोमवारी पहिला घ्या.

याच वेळी चहा-कॉफी मोजा. कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही शरीरात असतो, त्यामुळे संध्याकाळी पाचचा कडक चहा रात्री दहालाही जागा ठेवतो. दारूने झोप लवकर लागते, पण पहाटे तुटते, आणि दुसऱ्या दिवशीची बेचैनी ताणाच्या खात्यावर टाकली जाते.

कधी दुसऱ्याची मदत घ्यायची

दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास आहे किंवा कशातच रस वाटत नाही. झोप किंवा भूक बिघडलेलीच आहे. कामावर जाणं टळतंय. वारंवार अचानक भीतीचे झटके येतात. चार आठवडे वही लिहून आकडा हललेला नाही. यापैकी एकही असेल तर वाट पाहू नका.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतात, ते औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. पुष्कळांना दोन्ही लागतात. खाजगी शुल्क परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जा. कुठे जायचं हे १४४१६ वरही विचारता येतं.

पहिल्या भेटीला जाताना वही सोबत न्या. सगळी वाचून दाखवायची नाही. आकड्यांचं पान, झोपेची वेळ, चालू असलेली औषधं आणि टप्पा ५ चा एक भरलेला तक्ता एवढं पुरतं. औषध सुरू झालं तर किती दिवसांनी फरक दिसेल, कोणते दुष्परिणाम कळवायचे आणि ते कधी, कसं कमी करायचं, हे तीन प्रश्न आधीच लिहून न्या. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका.